डूलॅली : देवळालीने इंग्रजीला दिलेलं विशेषण

अनवट :

इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसासाठी शब्दांचा तोटा नाही. त्यातला एक मात्र थेट नाशिक जिल्ह्यातून गेलाय. डूलॅली. 'ही हॅज गॉन डूलॅली' म्हणजे स्वारी कामातून गेली, डोकं ठिकाणावर नाही. कोश उघडून व्युत्पत्ती बघा, तिथे आपली देवळाली बसलेली दिसेल. तीच, मुंबईहून जाताना लहवित गेलं की लागते आणि जिच्यानंतर नाशिक रोडला उतरणाऱ्यांची दाराशी गर्दी सुरू होते.

मुळात हा जोडशब्द होता, 'डूलॅली टॅप'. पहिला अर्धा देवळाली, दुसरा ताप. देवळालीचा ताप. गोऱ्या शिपायांच्या तोंडी तो हिंदुस्थानात बसला, त्यांच्याबरोबर विलायतेला गेला, आणि १९२५ साली लंडनमध्ये सैनिक-खलाशांच्या बोलीचा कोश निघाला त्यात छापूनही आला. पुढे ताप उतरला, म्हणजे 'टॅप' गळला, आणि गावाचं नाव तेवढं विशेषण होऊन राहिलं.

आता गाव आणि वेड यांची सोयरीक कशी जुळली ते बघू. १८६१ पासून देवळालीत ब्रिटिश फौजेचा ट्रान्झिट कॅम्प होता. नवी भरती मुंबईच्या बंदरात उतरली की घाट चढून इथे यायची आणि इथून देशभर पांगायची. मुदत भरलेले शिपाई उलटे, देशभरातून इथे गोळा व्हायचे, परतीच्या बोटीसाठी. बोटी बारमाही नव्हत्या. फौजेची ने-आण साधारण ऑक्टोबर ते मार्च चालायची. त्या हंगामात तुमचा नंबर लागला तर लागला, नाहीतर बसा.

हे 'बसा' म्हणजे काय, ते फ्रँक रिचर्ड्स या रॉयल वेल्श फ्युझिलिअर्समधल्या शिपायाने लिहून ठेवलंय. अधिकारी नव्हे, साधा शिपाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिंदुस्थानात नि ब्रह्मदेशात होता. त्याच्या आठवणी १९३६ साली 'ओल्ड सोल्जर साहिब' या नावाने आल्या. तो सांगतो की देवळालीत थांबलेल्यांच्या बंदुका आणि सरंजाम आधीच काढून घेतलेला असायचा. अधूनमधून कपड्यालत्त्यांची तपासणी, एखाद्या दिवशी रूट मार्च, बाकी दिवस रिकामा. ज्यांची सगळी नोकरी डागाविना गेली होती असे लोक तिथे काहीतरी भानगड करून बसायचे आणि बोटीत चढण्याआधी तुरुंगाची हवा खायचे. काही जण बाजारातून गुप्तरोग घेऊन इस्पितळात पडायचे. विचित्र वागणाऱ्या माणसाला 'डूलॅली टॅप झालाय' म्हणायची पद्धत त्या छावणीतल्या कंटाळ्यातून आली असावी, असं तो म्हणतो.

माझा मुद्दा एवढाच आहे की या शब्दाच्या मुळाशी वेड नाही, रिकामपण आहे. लढाईने डोकं फिरलं तर त्याला दुसरे शब्द होते. हा शब्द नोकरी संपलेल्या, घरी जायला निघालेल्या आणि घरी जाता न येणाऱ्या माणसाचा आहे. इंग्रजीत आज तो वापरणाऱ्यांना यातलं काही माहीत नसतं.

कुणाकडे आणखी माहिती असेल तर लिहा. नाशिककरांनी तर लिहाच.


भगूरकर :

आलं का आमचं गाव चव्हाट्यावर! :)

आधी भूगोल. राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा ती ही नव्हे. नाशिक रोडला लागून आहे ते देवळाली गाव, तेही हे नव्हे. छावणी म्हणजे देवळाली कॅम्प, आमच्या भगूरच्या शेजारचा. भगूर म्हणजे सावरकरांचं जन्मगाव, हे सांगायला नको. आम्ही बोलताना नुसतं 'कॅम्प' म्हणतो. 'कॅम्पात जाऊन येतो' म्हटलं की घरच्यांना कळतं.

आता गंमत बघा. मुंबईचे पारशी, गुजराती, जैन पिढ्यान् पिढ्या इथे हवापालटाला येतात. कोरडी हवा, जुने बंगले, सॅनिटोरियम. दम्याच्या आणि क्षयाच्या पेशंटला डॉक्टर सांगायचे, 'देवळालीला जाऊन राहा महिनाभर'. एकाच हवेने मुंबईकर सुधारायचा आणि टॉमी (गोरा शिपाई) बिघडायचा, म्हणजे दोष हवेचा नव्हता. मुंबईकराच्या खिशात परतीचं तिकीट होतं हा फरक.


आगाऊ_कार्टं :

मी पयला... नाय, दुसरा. वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

शंका : 'डोक्याला ताप' हे मराठीतून इंग्रजीत गेलं की इंग्रजीतून मराठीत आलं?


शब्दकिडा :

@आगाऊ_कार्टं, दोन्ही नाही, पण शंका अगदीच टाकाऊ नाही.

इंग्रजी कोश 'टॅप'चं मूळ हिंदुस्तानी 'तप' असं देतात, अर्थ ज्वर. फारसीत ज्वराला 'तब' म्हणतात, संस्कृतात ताप. ही उसनवारी नाही, दोघी सख्ख्या बहिणी आहेत. त्याच घराण्यातली लॅटिन शाखा म्हणजे 'टेपिडस', त्यावरून इंग्रजी 'टेपिड', कोमट. म्हणजे शिपायाने देवळालीत 'टॅप' उचलला तेव्हा त्याच्या भाषेत त्याचा एक चुलतभाऊ आधीच राहत होता. ओळख मात्र पटली नाही.

उलट त्याला वेगळाच नातेवाईक दिसला असणार. इंग्रजीत टॅप म्हणजे टकटक, हलकी टपली. डोक्यावर टपली बसलेला म्हणून 'टॅप्ड' असंही तिथे वेड्याला म्हणतात. 'डूलॅली टॅप' ऐकणाऱ्या लंडनकराला ताप आठवायचं कारण नव्हतं, टपलीच आठवणार.

आता पहिला अर्धा. आपला ळ इंग्रजाला कधी जमला नाही. दे-व-ळा-ली या चार अक्षरांतून 'व' जाऊन 'ओ' आला, ळचा ल झाला, आणि सरकारी कागदावर डी-ई-ओ-एल-ए-एल-आय पडलं. हे कोरं वाचणारा शिपाई 'डिओलाली' म्हणणार. घाईत 'डूलाली'. मग आघात मधल्या अक्षरावर गेला आणि 'डूलॅली'. खडकीचं कर्की, शिवचं सायन, वसईचं बसीन झालं त्याच कारखान्यातला माल.

आणि हा आकार इंग्रजी कानाला भलताच गोड लागतो. 'डिली-डॅली', 'शिली-शॅली' हे वेळकाढूपणाचे, धरसोडीचे शब्द त्यांच्याकडे आधीपासून होते. त्या पंगतीत डूलॅली जाऊन बसला तर कुणी उठवणार नव्हतं. हिंदुस्थानातल्या कँपांची नावं पुष्कळ होती, विशेषण एकाचंच झालं. त्यात या नादाचा हात आहे असं माझं मत.


टेम्सकर :

मस्त धागा. इकडची माहिती देतो.

इंग्लंडात हा शब्द अजून जिवंत आहे, पण वय बघून. साठीपुढचे लोक सर्रास वापरतात, तरुण कमी. अर्थाच्या छटा दिसतात त्या अशा. म्हातारपणी विसरभोळेपणा आला, चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, तर 'आय ॲम गोइंग डूलॅली'. बहुतेकदा स्वतःबद्दलच म्हणतात. कुणी संतापाने किंवा आनंदाने बेभान झालं तर 'शी वेंट डूलॅली'. आणि यंत्रं. ऑफिसातला प्रिंटर एकामागून एक कोरे कागद ओकायला लागला की हमखास कुणीतरी म्हणतं, डूलॅली झालाय.

शब्दाला धार नाही. 'मॅड' म्हटल्यावर माणूस दुखावेल, 'डूलॅली'वर हसेल. तरी खरोखरच्या मानसिक आजाराबद्दल तो वापरू नये एवढं भान इथे आता लोकांना आहे.

उगम फार थोड्यांना माहीत. आमच्या टीममधल्या एका इंग्रज बाईंना मी नकाशावर देवळाली दाखवली तर त्या म्हणाल्या, 'म्हणजे खरंच आहे असं गाव?' त्यांना तो बडबडगीतातला शब्द वाटायचा.


मीमांसक :

लेख रंजक आहे. पण एका शिपायाच्या आठवणीवर एवढी इमारत? रिचर्ड्सने पुस्तक लिहिलं १९३६ साली, शब्द त्याआधीच कोशात आला होता. शिवाय तो स्वतः 'मला वाटतं' असं म्हणतो.

दुसरं, शब्दात चक्क 'ताप' आहे. मग साधा, सरळ अर्थ का सोडायचा? नाशिक भागात पावसाळ्यात हिवताप असायचाच. हिवताप डोक्यात गेला की माणूस बरळतो, धावत सुटतो, आपल्या माणसांना ओळखत नाही. डास आणि हिवताप यांचं नातं रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला दाखवलं ते १८९७ साली. त्याआधीची छत्तीस वर्षं देवळालीच्या तंबूंत लोक कशाने फणफणत होते ते डॉक्टरांनाही कळत नव्हतं. मग 'देवळालीचा ताप' हा आधी खराखुरा ताप असेल आणि वेड हा त्याचा लाक्षणिक अर्थ नंतर आला असेल. कंटाळ्याची गोष्ट नंतर जोडली.

आणि तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं, असंही इंटरनेटवर जागोजागी सापडतं. त्याचं काय?


अनवट :

@मीमांसक, रास्त प्रश्न.

रिचर्ड्स 'मला वाटतं' म्हणतो म्हणूनच मला तो विश्वासू वाटतो. व्युत्पत्ती छातीठोक सांगणारे बहुतेक वेळा ती रचत असतात. आणि त्याच्याकडून मी घेते ती व्युत्पत्ती नव्हे, छावणीचं वर्णन. ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

हिवतापाचा मुद्दा मान्य, पण अर्धा. हिवताप काय देवळालीचा मक्ता नव्हता. पेशावरच्या खोऱ्यापासून आसामपर्यंत गोरी फौज तापाने आडवी पडायची. नुसत्या तापावरून शब्द व्हायचा असता तर त्याला देवळालीचं नाव का? या गावात वेगळं काय होतं, तर थांबणं. लोक इथे लढायला येत नव्हते, नेमणुकीवर येत नव्हते, फक्त थांबायला येत होते.

इस्पितळाचं सांगायचं तर हिंदुस्थानातल्या फौजेत ज्यांना डॉक्टरांनी वेडे ठरवलं त्यांना बोटीने विलायतेला पाठवत. साउदम्प्टनजवळ नेटली इथे फौजेचं प्रचंड इस्पितळ होतं. तिथे १८७० पासून मानसिक रुग्णांचा वेगळा विभाग होता, 'डी ब्लॉक'. म्हणजे खरे वेडे नेटलीला जायचे. देवळालीचं विशेषण ज्यांना मिळालं ते डॉक्टरांच्या लेखी शहाणेच होते.


बखरवाला :

या सगळ्याला एक कोरडं कारण आहे, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१८७० सालचा सैन्यभरतीचा कायदा. त्याआधी गोरा शिपाई जवळजवळ जन्माचा शिपाई असायचा. कार्डवेल या युद्धमंत्र्याने अल्पमुदतीची नोकरी आणली, म्हणजे एकूण बारा वर्षांची बोली, त्यातली मोजकी वर्षं प्रत्यक्ष पलटणीत आणि उरलेली घरी, राखीव दलात. परिणाम काय झाला? हिंदुस्थानात साठ-सत्तर हजार गोरी फौज ठेवायची आणि ती दर वर्षी थोडी थोडी बदलायची. दर हिवाळ्यात हजारो माणसं येणार, हजारो जाणार. या कायद्याशिवाय देवळालीत एवढी गर्दी झाली नसती.

त्यासाठी खास बोटी बांधल्या होत्या, पाच. सेरापिस, क्रॉकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार. १८६६-६७ साली पाण्यात उतरल्या. तेव्हा सुएझ कालवा व्हायचा होता (तो १८६९ चा), म्हणून काही बोटी इंग्लंड ते अलेक्झांड्रिया, मग जमिनीवरून सुएझ, तिथून दुसऱ्या बोटीने मुंबई अशी साखळी आखलेली. कालवा झाला आणि सरळ फेऱ्या सुरू झाल्या. यातल्याच सेरापिसमधून १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला. युवराजाची बोट म्हणून तिचं कौतुक झालं. एरवी तीच बोट शिपायांनी खच्चून भरलेली असायची.

हंगाम हिवाळ्याचाच का, तर उन्हाळ्यात तांबडा समुद्र म्हणजे भट्टी आणि जूननंतर अरबी समुद्राचा मान्सून. बोटीच्या पोटात शेकडो माणसं कोंबायची, त्यात बायका-पोरंही. हंगाम पाळला नाही तर माणसं दगावायची.

देवळालीच का, तर थळ घाटातून रेल्वे १८६५ साली सुरू झाली. घाटमाथ्याच्या वर सपाट माळ, दारणेचं पाणी, आणि गाडी थेट मुंबईला. हजारो माणसं मुंबई बंदरावर तिष्ठत ठेवण्यापेक्षा घाटावर ठेवणं फौजेला सोयीचं.


आगाऊ_कार्टं :

> जमना

ही यमुनाच ना? यमुनेवर बसून मलबार गाठायचं. ब्रिटिशांचा नावं ठेवण्याचा सेन्स अफाट होता.


सुमाताई_ठाणे :

मला वाटलं फक्त आमच्याच गावाच्या नशिबी हे आहे. :(

लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा माहेरच्या प्रत्येक माणसाने तोच विनोद केला. 'काय गं, ठाण्याला? बरी आहेस ना?' १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, तेव्हापासून सगळ्या महाराष्ट्राला ठाणे म्हणजे तेच. 'याला ठाण्याला पोचवा', 'ठाण्याचं तिकीट काढा'. पुण्यात येरवडा म्हणतात, पण तिथे तुरुंगही असल्याने ऐकणाऱ्याला दोन पर्याय राहतात. हिंदीवाल्यांचं आग्रा नि रांची.


मीमांसक :

@सुमाताई_ठाणे, लंडनचंही तेच. बेथलेम नावाचं वेड्यांचं इस्पितळ, मूळ स्थापना १२४७ ची. त्याचं लोकांनी 'बेडलम' केलं आणि आज इंग्रजीत बेडलम म्हणजे गोंधळ, कल्ला.

पण यातून अनवटतैंचाच मुद्दा पक्का होतो, मला आवडो न आवडो. ठाणे, येरवडा, आग्रा, रांची, बेडलम, सगळीकडे इस्पितळामुळे नाव पडलं. देवळालीला इस्पितळाची गरज पडली नाही.


गनर_निवृत्त :

देवळाली म्हणजे आम्हा तोफखान्यावाल्यांची काशी. तोफखान्याची शाळा आधी काकूलला होती, आता ते पाकिस्तानात आहे. पुढे शाळा देवळालीला आली. तेव्हापासून प्रत्येक गनर अधिकारी आयुष्यात कधी ना कधी इथे कोर्सला येतोच. 'सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल', हे आमचं ब्रीद.

धाग्यातल्या मूळ मुद्द्याबद्दल एक फौजी म्हणून सांगतो. बंदूक काढून घेतलेला, मुदत संपलेला आणि काम नसलेला जवान हा कुठल्याही सुभेदार साहेबांचा सर्वांत मोठा घोर असतो. आपल्या फौजेत त्यावर उपाय आहे, फटीक. गवत काढा, गटार साफ करा, काहीच नसेल तर गेरू-चुना. रस्त्याकडेचा प्रत्येक दगड आणि झाडाचा प्रत्येक बुंधा लाल-पांढरा रंगवलेला दिसला की सिव्हिलियन हसतात. हसू द्या. परवाच रंगवलेला दगड आज पुन्हा का रंगवायचा, असं जवानाने विचारायचं नसतं. संध्याकाळी तो दमून जेवतो आणि झोपतो, एवढ्यासाठी ते असतं. त्यातूनही कुणी वळवळ केली तर रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, आहेच.

रिचर्ड्स लिहितो की अधूनमधून तपासणी आणि क्वचित रूट मार्च. आठवड्याचे बाकी दिवस कोरे. इतकं वाचल्यावर मला पुढचं वाचायची गरज पडली नाही. त्या कॅम्पच्या कमांडंटने हातात चुन्याच्या बादल्या दिल्या असत्या तर इंग्रजी भाषा एका विशेषणाला मुकली असती.


आगाऊ_कार्टं :

गनरकाका _/\_

शेवटच्या वाक्याला शंभर मार्क.


अनवट :

गनरकाका, 'काम नसलेला' यात एक गोष्ट मी जोडेन. त्यांना तारीखही माहीत नसायची. बोट कधी लागणार, आपलं नाव कुठल्या यादीत, काही नाही. काम नाही हे एक आणि शेवट दिसत नाही हे दुसरं. पलटणीत सात वर्षं काढलेला माणूस हिशेबाने राहतो, 'आता दोन वर्षं राहिली, आता एक'. देवळालीत पोचल्यावर तो हिशेबच बंद पडायचा.


पेला_अर्धा_भरलेला :

कुणी कसं लिहिलं नाही अजून? २००९ साली पुण्यात एक ब्रुअरी निघाली, तिचं नाव डूलॅली. आता मुंबईतही आहे. आणि ते आपल्या ठिकाणांना काय म्हणतात? टॅपरूम. डूलॅली टॅप-रूम!! गळलेला 'टॅप' पुण्याने परत जोडला.

माझ्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना ते फक्त गोड विदेशी नाव वाटतं. देवळालीचं आहे म्हटल्यावर एकाचा चेहरा पडला.


शब्दकिडा :

या शब्दाची भावंडंही त्याच बराकीतली आहेत. 'कुशी' हे विशेषण, म्हणजे आरामाची, बिनकटकटीची नोकरी, ते आपल्या खुशीवरून. पुष्कळ इंग्रजांना ते कुशनवरून आलंय असं वाटतं, कारण अर्थ गादीला शोभतो. 'ब्लाइटी' म्हणजे मायदेश, इंग्लंड, तो विलायतीवरून. आपण विलायती चिंच म्हणतो तोच विलायती. पहिल्या महायुद्धात 'ब्लाइटी' जखम म्हणजे जीव वाचेल पण घरी पाठवतील इतपत जखम, आणि शिपाई ती देवाकडे मागायचे.

डूलॅली यांच्यापेक्षा वेगळा कसा ते बघा. खुशी, विलायती हे भाषेतले शब्द होते, ते कुठेही ऐकून उचलता आले असते. डूलॅली हा एका जागेवर राहिल्याशिवाय सुचणारा शब्द नाही. आणि तिन्ही साहेबांनी नव्हे, शिपायांनी नेले. क्लबात बसणाऱ्या साहेबाला देवळालीत तंबूत महिनोन्महिने पडून राहायची वेळ येत नव्हती.

'पक्का' पण गेलाय इंग्रजीत, पण त्यावर लिहायला घेतलं तर रात्र जाईल.


व्यवस्थापक_३ :

'पक्का'साठी वेगळा धागा काढावा. इथे देवळालीवरच राहू.


टेम्सकर :

एक राहिलं. हा शब्द इथल्या माझ्या पिढीपर्यंत पोचला त्यात टीव्हीचाही हात आहे. १९७४ ते १९८१ बीबीसीवर एक विनोदी मालिका होती. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला देवळालीच्या तोफखाना डेपोत सैनिकांची नाटकमंडळी, असं कथानक. पुढच्या भागांत मंडळी ब्रह्मदेशात जाते. तिच्या दोन लेखकांपैकी एक स्वतः युद्धकाळात देवळालीत होता आणि तिथल्या नाटकमंडळीत काम करायचा. म्हणजे रिकाम्या हातांना काम द्यायची अक्कल तोवर फौजेला आली होती, गनरकाकांना बरं वाटेल.

बीबीसी ती मालिका आता दाखवत नाही. हिंदी नोकराची मुख्य भूमिका एका गोऱ्या नटाने तोंडाला रंग लावून केलेली, एकूण सूरही आज गिळवत नाही. तो नट झाशीला जन्मलेला आणि हिंदी बोलणारा होता, तरी रंग तो रंगच.


कोकणी_मासा :

प्रश्न आहे. नावाच्या आधी लावता येतो का? 'अ डूलॅली बॉस' असं? मला एका ईमेलात वापरायचाय. (बॉसला नाही पाठवणार.)


टेम्सकर :

@कोकणी_मासा, व्याकरणाने चूक नाही, पण कानाला खटकतं. विशेषण असलं तरी तो क्रियापदामागेच चालतो, आणि तेही बहुतेकदा 'गो' किंवा 'गॉन'च्या मागे. 'द बॉस हॅज गॉन डूलॅली' हे नैसर्गिक. जुनी मूळ रचना 'त्याला डूलॅली टॅप झालाय' अशी होती, तिचा हा अवशेष असावा. माणूस मुळात डूलॅली नसतो, तो 'होतो'.


कोकणी_मासा :

धन्यवाद. ईमेल गेला. बॉस अजून झालेला नाही, होईल.


सुमाताई_ठाणे :

भगूरकर, मग तुमच्याकडे मराठीत असं कुणी म्हणतं का? 'त्याला देवळाली झाली' वगैरे?


भगूरकर :

नाव काढू नका. आमच्याकडे डोकं फिरलं तर 'सटकली', 'चक्रम झालाय', फार झालं तर तुमचंच ठाणं. :) इंग्रजी डूलॅली निम्म्या कॅम्पाला ऐकूनही माहीत नाही. कोशाचं पान दाखवलं की आधी हसतात, मग थोडे रागावतात, मग पाहुण्याला स्वतःच सांगायला लागतात.

स्पेलिंगं मात्र तीन झाली. स्टेशनच्या इंग्रजी पाटीवर 'देवलाली'ला व्ही आहे, कॅंटोन्मेंटच्या कागदावर ओ, आणि ऑक्सफर्डच्या कोशात दोन ओ, तीन एल. आमची म्हणून ओळख सांगायची तर देशातली पहिली किसान रेल ऑगस्ट २०२० मध्ये इथूनच सुटली, दानापूरला, भाजीपाला-फळं घेऊन. गाडी वेळेवर सुटली की गाव शहाणं राहतं, हे लष्कराला उशिरा कळलं.

कुणाला यायचं असेल तर हिवाळ्यात या. लष्करी हद्दीत कुठेही कॅमेरा काढू नका, अडवतात. खंडोबाच्या टेकडीवर जायला हरकत नसते, वरून सगळा कॅम्प दिसतो. परतीचं रिझर्व्हेशन आधीच करून ठेवा, बाकी तुम्ही सुज्ञ आहात.


आगाऊ_कार्टं :

वेटिंग लिस्ट ४२ आहे काका. टॅप चढायला लागलाय.